संध्याकाळची खा-खा सकाळीच सुरू होते

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४२, उंची १५८ सेंमी, वजन ७४ किलो. घर डोंबिवलीला, नोकरी फोर्टात. सहा आठवड्यांपूर्वी वजन उतरवायचं ठरवून रोज पहाटे पाच किलोमीटर चालणं आणि आठवड्यातून तीन दिवस जिम सुरू केली. खाण्यासाठी मोबाइलवरच्या अ‍ॅपने दिलेला १२०० कॅलरींचा तक्ता. अंडी चालतात, मासे-चिकन फक्त रविवारी, सोमवार आणि संकष्टीचा उपवास. पहिल्या पंधरवड्यात दीड किलो उतरलं, मग काटा थांबला आणि आता सहाशे ग्रॅम वर गेलाय. प्रश्न विचारणाऱ्या बाई लिहितात, ‘दिवसभर मी शहाण्यासारखी खाते, पण संध्याकाळी घरात पाऊल टाकल्यापासून झोपेपर्यंत तोंड थांबत नाही. एवढी भूक मला कधीच लागत नव्हती. माझा मनावर ताबाच नाही का? की व्यायाम कमी करू?’

ताबा असल्याशिवाय कुणी सहा आठवडे पहाटे पाचला उठत नाही, तेव्हा तो विषय सोडून देऊ. तुम्ही दिवसभराचं जे खाणं कळवलंय ते आधी बघू. उठल्यावर लिंबू-मध-पाणी, चालून आल्यावर दोन खाकरे आणि काळी कॉफी, दुपारच्या डब्यात दोन फुलके आणि भाजी, साडेचारला ऑफिसचा चहा आणि चार बिस्किटं. संध्याकाळी सहापर्यंत हे सगळं मिळून साधारण साडेसहाशे ते सातशे कॅलरी होतात आणि प्रथिनं जेमतेम १५ ग्रॅम. तुमच्या शरीराला प्रथिनं दिवसाला ६० ग्रॅमच्या आसपास हवीत, म्हणजे पाऊण दिवस सरला तरी जेमतेम पाव गरज भागलेली असते. पाच किलोमीटर चालून, लोकलला लोंबकळत दोन्ही वेळचा प्रवास करून, मध्ये आठ तास काम करून एवढ्यावर राहिलेल्या बाईला साडेसातला भूक लागली नाही, तर मला काळजी वाटेल.

अ‍ॅपच्या तक्त्याबद्दल एक जुना प्रयोग सांगते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धानंतर उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा खायला कसं घालायचं, हे समजून घ्यायचं होतं. या तरुणांना रोज सुमारे १५७० कॅलरी मिळत आणि आठवड्याला २२ मैल, म्हणजे ३५ किलोमीटर चालावं लागे. तुमचे रोजचे पाच किलोमीटर आठवड्याला तेवढेच भरतात, आणि तुमचा तक्ता १२०० चा आहे. ते उंचेपुरे पुरुष होते, त्यांची गरज तुमच्यापेक्षा बरीच जास्त, आणि ते मुळात सडपातळ होते, म्हणून थेट तुलना करू नका. पण त्यांचं काय झालं ते बघण्यासारखं आहे. दिवसभर डोक्यात खाण्याचेच विचार, पाककृतींची पुस्तकं जमवणं, ताट चाटूनपुसून साफ करणं. पुढे पोटभर खायला मिळू लागलं तरी कित्येकांचं समाधान होईना. त्यांच्यातही कुणी मनाचे दुबळे नव्हते. भुकेला मागे ढकलत राहिलं की ती जाते कुठेच नाही, साठत राहते.

आता व्यायामाचं. चालून किंवा जिम करून आल्यावर भूक मरते, हा अनुभव तुम्हाला येत असेल. दमछाक करणाऱ्या व्यायामानंतर घ्रेलिन हे भूक चाळवणारं संप्रेरक काही काळ खाली जातं, म्हणून तास-दीड तास खावंसं वाटत नाही. अनेक जणी याचा अर्थ ‘आता गरजच नाही’ असा लावतात आणि खाकऱ्यावर भागवतात. घाईचं घर, सात बत्तीसची गाडी, त्यात भूक नाही, मग नाश्ता मागे पडतो. दुपारी डबा छोटा. शरीर तोवर गप्प असतं. मग कामाचा ताण उतरतो, घरी येतो, समोर स्वयंपाकघर असतं, आणि दिवसभराची थकबाकी व्याजासकट वसूल होते. माझ्याकडे ‘संध्याकाळी काय खाऊ म्हणजे भूक मरेल’ असं विचारत येणाऱ्या बहुतेकांना मी सकाळचं काय चाललंय तेच विचारते.

दुसरा गोंधळ आकड्यांचा. तुमच्या मनगटावरचं घड्याळ पाच किलोमीटरला ३८० कॅलरी दाखवतं म्हणता. त्यात तुम्ही तेवढा वेळ नुसत्या बसून राहिला असतात तरी जे जळलं असतं तेही धरलेलं असतं, आणि ही घड्याळं अंदाजही सढळ हाताने करतात. ७४ किलो वजनाच्या माणसाला पाच किलोमीटर चालण्याचे जादाचे २०० च्या आसपास पडतात. वाटीभर तळलेला चिवडा, साधारण ४० ग्रॅम, तेवढ्यालाच येतो. म्हणून ‘आज चालले आहे, तर एवढं चालतं’ हा हिशेब कधीच जुळत नाही. व्यायामाच्या कॅलरी अ‍ॅपमध्ये ‘कमावलेल्या’ म्हणून दिसतात, ती सोय बंद करून टाका.

मग व्यायाम कमी करू का? नाही. उलट बैठं राहिल्याने भूक आटोक्यात राहते हा समज चुकीचा आहे. आहारशास्त्रज्ञ जाँ मेयर यांनी पश्चिम बंगालमधल्या ताग गिरणीतल्या कामगारांचा अभ्यास १९५६ साली प्रसिद्ध केला. त्यात दिवसभर बसून असलेल्या लोकांपासून पाठीवर ओझी वाहणाऱ्या हमालांपर्यंत सगळे होते. हलकं आणि मध्यम काम करणाऱ्यांपेक्षा बसून राहणारे लोक जास्त खात होते आणि त्यांची वजनंही जास्त होती. हालचाल अगदीच कमी झाली की शरीराचा भुकेचा अंदाज बिघडतो, थोडं काम पडू लागलं की तो पुन्हा जागेवर येतो. तुमची वाढलेली भूक शरीर ठीक चालल्याची खूण आहे, फक्त तिला जेवण वेळेवर पोचत नाहीये.

पण एकदम शून्यावरून आठवड्याचे सातही दिवस चालणं आणि वर तीन दिवस वजनं उचलणं, ही उडी मोठी आहे. जिमचे तीन दिवस ठेवा, स्नायू टिकवण्यासाठी ते चालण्याहूनही महत्त्वाचे. चालणं पाच दिवसांवर आणा. सोडलेल्या दोन पहाटे झोपा. हे मी गंमतीत सांगत नाहीये. रात्री पावणेबाराला पडून पाचला उठता, म्हणजे सव्वापाच तास झोप. २००४ साली शिकागो विद्यापीठातल्या एका अभ्यासात निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर तृप्तीची खबर देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं, घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं आणि ओढ लागली ती गोड, खारट आणि पिठाळ पदार्थांची. रात्री तुमचा हात काकडीच्या डब्याकडे न जाता चिवड्याच्या डब्याकडे का जातो, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे. पहाटे चालण्यासाठी झोप मोडणं हा माझ्या मते तोट्याचा सौदा आहे.

आता ताटाकडे येऊ. १२०० चा तक्ता आजच काढून टाका आणि १५०० ते १६०० वर या. तुमची उंची, वजन, वय आणि धावपळ पाहता दिवसाचा खर्च २००० च्या थोडा वर येतो, त्यामुळे एवढं खाऊनही वजन उतरेल. तुम्ही आत्ताही १२०० खात नाहीच आहात. संध्याकाळची येता-जाता तोंडात टाकलेली शेव, आमटीची चव बघायला घेतलेले चार चमचे, मुलाच्या ताटातली उरलेली अर्धी पोळी, हे सगळं धरलं तर तुम्ही २००० च्या घरात असाल. फरक इतकाच की त्यातला मोठा वाटा रात्री, उभ्याने आणि अपराधी वाटत पोटात जातो.

नाश्ता सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून तिथे जरा थांबते. तुम्हाला २० ग्रॅम प्रथिनांचा नाश्ता हवा. दोन अंड्यांचं कांदा-टोमॅटो घातलेलं ऑम्लेट, एक भाकरी किंवा पोळी, आणि कपभर दूध, झाले २० ग्रॅम. उपवास नसलेल्या पण अंडं नको वाटणाऱ्या दिवशी भिजवलेल्या मुगाच्या डाळीची दोन-तीन धिरडी आणि मोठी वाटी दही. पोहे सोडायची गरज नाही. मात्र नुसत्या पोह्यांच्या बशीत प्रथिनं तीन-चार ग्रॅमच असतात आणि अकरा वाजेपर्यंत पोट पुन्हा रिकामं. पोहे मूठभर कमी घ्या, मोड आलेली मटकी वाफवून वाटीभर घाला, दाणे नेहमीचे, वर दूध. चव बिघडत नाही, घरच्यांनाही कळत नाही. व्यायामानंतर घशाखाली उतरत नसेल तर दोन भाग करा. दूध घरी प्या आणि बाकीचं छोट्या डब्यात घालून गाडीत खा. लेडीज डब्यात इडलीपासून केकपर्यंत सगळं खाल्लं जातं, तुमच्या धिरड्याकडे कुणी वळून बघणार नाही.

लिंबू-मध-पाण्याने चरबी वितळत नाही. आवडत असेल तर प्या, मध वगळून.

दुपारच्या डब्यात दोन फुलके ठेवा, पण भाजीच्या जोडीला घट्ट उसळ हवीच. चवळी, मूग, मसूर, हरभरा, जी असेल ती, आणि वाटी पूर्ण भरलेली. काकडी, गाजर किंवा कोबीची कोशिंबीर, आणि दही किंवा ताक. उसळ रोज करायला वेळ नाही, हे मला सगळ्याच सांगतात. रविवारी दोन प्रकारची कडधान्यं भिजवून, मोड आणून, शिजवून फ्रिजमध्ये ठेवली तर गुरुवारपर्यंतची सोय होते. फोडणी रोज वेगळी द्या. सोयाबीनच्या वड्याही चालतील. ३० ग्रॅम कोरड्या वड्यांत १५ ग्रॅम प्रथिनं असतात, आणि त्या जिमवाल्यांच्या व्हे प्रोटीन पावडरीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतात. पावडर वाईट नाही, पण ती घेऊन नाश्ता वगळणार असाल तर मुळीच घेऊ नका. प्यायलेल्या कॅलरी चावून खाल्लेल्याइतक्या टिकत नाहीत.

दिवस ठरतो तो साडेचार ते साडेसहाच्या मध्ये. चहा घ्या, पण बिस्किटांच्या जागी मूठभर सोललेले किंवा सालासकट फुटाणे, साधारण ३० ग्रॅम, आणि ताक. फुटाण्यांत ११० च्या आसपास कॅलरी आणि सहा-सात ग्रॅम प्रथिनं, शिवाय चावायला वेळ लागतो. हे खाणं भूक लागायच्या आधी व्हायला हवं, नेमकं इथेच सगळे चुकतात. ‘अजून लागली नाही, घरी जाऊन बघू’ म्हणता आणि सव्वासातला स्टेशनबाहेर गरम तेलाचा वास येतो. त्या क्षणी काय खावं याचा विचार कुणालाच करता येत नाही, मलाही नाही. फुटाणे पाच वाजता पोटात गेलेले असले की वडापावची गाडी ही फक्त एक गाडी असते.

बटाट्याचा विषय निघालाच आहे तर सांगते, तुमच्या तक्त्यात बटाटा बंद आहे तो उगाच. सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट यांनी १९९५ साली सारख्याच कॅलरींचे ३८ पदार्थ लोकांना खायला देऊन कशाने किती वेळ पोट भरलेलं वाटतं ते मोजलं. पहिला नंबर उकडलेल्या बटाट्याचा आला, शेवटचा क्रोसाँ या लोण्याच्या फ्रेंच पावाचा. तोच बटाटा बेसनात बुडवून तळला आणि पावात घातला की गोष्ट वेगळी होते. उकडून, दही आणि जिरेपूड घालून कोशिंबीर केलीत तर खुशाल खा. आणि ‘डाएट’ लिहिलेला भाजका चिवडा, बाजरीची बिस्किटं, प्रोटीन बार, यांच्या मोहात पडू नका. अमेरिकी संशोधक केव्हिन हॉल यांच्या २०१९ च्या प्रयोगात कारखान्यात तयार झालेलं खाणं मनसोक्त खाऊ दिलं, तेव्हा लोकांनी घरगुती पद्धतीच्या जेवणापेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. दोन्हीकडे वाढलेल्या ताटात साखर, मीठ, तेल, चोथा सारख्याच प्रमाणात होता, तरीही. पाकिटातलं पटापट खाल्लं जातं, पोटाला कळायच्या आत.

घरी आल्यावर काय? तुमच्याकडे साडेनऊला सगळे एकत्र जेवतात, आणि साडेसात ते साडेनऊ तुम्ही गॅससमोर उभ्या. भुकेल्या माणसाला दोन तास स्वयंपाकघरात कोंडून वर ‘तोंडात काही टाकू नकोस’ म्हणायचं, असला हा प्रकार. आल्या आल्या हातपाय धुऊन दहा मिनिटं बसा आणि वाटीभर घट्ट वरण किंवा सकाळची उरलेली उसळ, सोबत कोशिंबीर, असं ताटलीत वाढून घेऊन खा. बसून, ही अट. साडेनऊला सगळ्यांबरोबर एक भाकरी आणि भाजी. सासूबाई ‘एवढंसंच?’ म्हणतील. त्यांना सांगा, पहिली पंगत साडेसातला झाली. भाकरी ज्वारीची की पोळी गव्हाची, यावरून घरात वाद घालू नका, कॅलरी जवळपास सारख्याच असतात. भाकरीला तेल लागत नाही आणि ती चावायला वेळ लागतो, हे तिचे फायदे.

जेवणानंतरही हात डब्याकडे गेला तर स्वतःला विचारा, ‘आत्ता कुणी मुगाची गार उसळ दिली तर खाईन का?’ उत्तर हो असेल तर पोटात खरंच भूक आहे, थोडी खा. फक्त चिवडाच हवा असेल तर ती भूक जिभेची आहे, किंवा कंटाळ्याची, किंवा दिवसात पहिल्यांदा कुणी काही मागत नाहीये याची. ती खाऊन भागत नाही. मी चिवडा घरात आणूच नका असं म्हणत नाही, पण तो वरच्या फळीवर, न दिसणाऱ्या डब्यात ठेवा, आणि खायचा तर वाटीत काढून.

सोमवार आणि संकष्टीचं काय करायचं? साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, त्यात तूप आणि दाण्याचं कूट. ताटली चारशे कॅलरींच्या पुढे जाते आणि तीन तासांत पुन्हा भूक. त्याऐवजी वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, उकडलेलं रताळं आणि भरपूर दही-ताक असं करा. उपवासाच्या दिवशी जिम ठेवू नका, अर्धा तास रमतगमत चाला. दिवसभर निर्जळी किंवा फक्त चहावर काढून संध्याकाळी वजनं उचलायची, हे तर नकोच. रविवारी टेकडी चढून आल्यावर मिसळ खाता म्हणून इतकं वाईट वाटून घेऊ नका. मटकीची उसळ ती, तुमच्या खाकऱ्यांपेक्षा बरी. तर्री अर्धी, फरसाण चमचाभर, पाव एक, आणि ‘चढून आले’ म्हणून मागवलेली जिलबी मात्र राहू द्या.

पाळीच्या आधीच्या आठवड्यात भूक वाढते, हा भास नाही. त्या दिवसांत संध्याकाळच्या फुटाण्यांसोबत एखादं केळं घ्या आणि काट्यावर उभ्याच राहू नका, तेव्हा शरीरात पाणीही धरलं जातं. वर गेलेल्या सहाशे ग्रॅमची मला फारशी चिंता नाही. नव्याने व्यायाम सुरू केला की स्नायू ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, साठवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी येतं. पोटाचा घेर मोजा, बेंबीच्या पातळीवर, दर रविवारी सकाळी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवून दिलं आहे की सारख्याच उंची-वजनाच्या युरोपीय माणसापेक्षा भारतीयाच्या अंगात चरबी बरीच जास्त असू शकते. आपल्याकडे बायकांचा घेर ८० सेंमीच्या आत असावा असं धरतात. वजन महिन्याला दीड-दोन किलोने उतरलं तर उत्तम चाललंय असं समजा. त्यापेक्षा वेगाने उतरवलंत तर भूक त्याच वेगाने मागे लागते. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे भूक दिवसाला सुमारे १०० कॅलरींनी वाढते, असा हॉल यांच्याच गटाचा २०१६ चा अंदाज आहे. म्हणजे चार-पाच किलो उतरल्यावर भूक आणखी जाणवेल. तेव्हा घाबरून खाणं कमी करू नका, उसळ आणि भाजी वाढवा.

हे सगळं चार आठवडे नीट करूनही संध्याकाळची भूक तशीच राहिली, किंवा भुकेबरोबर हात थरथरणं, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी असं काही होत असेल, तर डॉक्टरांना भेटून हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच आणि तीन महिन्यांच्या साखरेची एचबीए१सी तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता, त्यामुळे पहाटेच्या चालण्याने येणारा थकवा निव्वळ व्यायामाचाच असेल असं धरून चालू नका. आणि मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर वरचं काहीही बदलण्याआधी डोस विचारून घ्या.